जिथे टपकते, तिथे गळत नाही

नवरात्र संपले आणि पावसाने पाठ फिरवली, की आमच्या घरात दिवाळीच्या रंगसफेदीची बोलणी सुरू होतात. ती बोलणी दरवर्षी एकाच ठिकाणी येऊन अडतात. मधल्या खोलीत, कपाटाच्या वर, छताला एक डाग आहे. कडेने पिवळा, आत काळसर. मुले लहान होती तेव्हा त्यांना त्यात कधी उंट दिसे, कधी महाराष्ट्राचा नकाशा दिसे. माझ्या पत्नीला मात्र त्यात पहिल्यापासून एकच गोष्ट दिसत आली आहे : आमची झालेली फसवणूक. बारा वर्षे मलाही तीच दिसत होती. आता ती तेवढी स्पष्ट दिसत नाही. असे का झाले, ते सांगावे म्हणून लिहायला बसलो आहे.

ज्याने आयुष्यात एकदा घर बांधले, त्याच्याजवळ सांगण्यासारखी एक कहाणी असतेच, आणि त्या कहाणीत खलपुरुषाचे काम बहुधा ठेकेदाराकडे असते. लग्नाच्या मांडवात, एस. टी.च्या थांब्यावर, शाळेच्या मधल्या सुट्टीत, कुठेही चार घरमालक एकत्र आले की आपापले गुत्तेदार आठवू लागतात. आमच्या शहागडाकडे ठेकेदाराला गुत्तेदार म्हणतात. गुत्ता म्हणजे ठोक भावाने दिलेले काम. काम गुत्त्याने दिले, की मालकाने रोज उन्हात उभे राहायला नको, गोण्या मोजायला नकोत, गवंड्याशी हुज्जत नको. एकदा चौरस फुटाचा भाव ठरला, की आपण मोकळे. हे मोकळे होणेच आपण विकत घेत असतो, हे मला फार उशिरा कळले.

मी आमचा स्लॅब टाकला तो २०१३ च्या एप्रिलमध्ये. जालना जिल्ह्यातल्या माणसाला तो उन्हाळा वेगळा सांगायला नको. आदल्या वर्षीचा पाऊस गेला होता, जायकवाडीचे धरण तळाला टेकले होते, आणि गोदावरीच्या काठी राहणारे आम्ही टँकरची वाट पाहत होतो. गावातले एक म्हातारे गवंडी आहेत. सारा गाव त्यांना चाचा म्हणतो. ते मला तेव्हाच म्हणाले होते, “गुरुजी, औंदा थांबा. प्यायला पाणी नाही, स्लॅब कशाला टाकता?” पण लाकडी कड्यांचे जुने घर पाडून झाले होते, आई भाड्याच्या खोलीत कुरकुरत होती, आणि मला एक स्वस्त गुत्तेदार सापडला होता. इतरांपेक्षा त्याचा भाव बराच खाली होता. तोही मी आणखी खाली आणला. त्या दिवशी घरी येऊन मी पत्नीला मोठ्या ऐटीत सांगितले, “मास्तर असलो म्हणून काय झालं, व्यवहार आपल्यालाही कळतो!”

जूनच्या दुसऱ्या पावसात छत टपकू लागले. गुत्तेदाराचे शेवटचे पंधरा हजार रुपये माझ्याकडे बाकी होते. ते मी दिले नाहीत. तो दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला नाही. मग मी माझी बाजू गावात मांडू लागलो. शिक्षकाच्या शब्दाला अजूनही थोडी किंमत असते. त्या माणसाची आमच्याकडची दोन-तीन कामे त्यामुळे हुकली, असे मला नंतर कळले. कळले तेव्हा मला वाईट वाटले नव्हते. न्याय झाला असेच वाटले होते.

पुढे एकाने येऊन ‘केमिकल’ मारून दिले आणि पाच वर्षांची हमी दिली. २०१४ आणि २०१५ ही दोन्ही वर्षे मराठवाड्यात कोरडी गेली. पाऊसच नाही म्हटल्यावर छत कशाला गळते? त्याची हमी दोन वर्षे अगदी खरी ठरली. २०१६ च्या सप्टेंबरात पावसाने जोर धरला, आणि छतही गळू लागले, तेव्हा त्याचा फोन लागेना. मग दुसरा आला. त्याने डाग होता त्याच्या बरोबर वर डांबरी पट्टा चिकटवला. पुढच्या पावसात पाणी पट्ट्याला वळसा घालून पुन्हा त्याच डागातून खाली आले. हमीचे असे तीन कागद माझ्या कपाटात आहेत, आणि ते कपाट डागाच्या बरोबर खाली आहे.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, गोदावरीने काठच्या शेतांची जी दशा केली, ती सर्वांना ठाऊक आहे. ज्यांची पिके मातीसकट वाहून गेली त्यांच्यापुढे माझ्या छताचे रडगाणे गाण्यात अर्थ नव्हता. पण आईच्या अंथरुणावर पाणी पडू लागले, तेव्हा मी पाऊस उघडताच चाचांकडे गेलो.

ते आले, डाग पाहिला आणि म्हणाले, “गुरुजी, जिथं टपकतं तिथं गळत नसतं.” मग गच्चीवर जाऊन त्यांनी ओल्या मातीचे लहान लहान बांध घातले आणि एकेका वाफ्यात पाणी भरून ते स्वस्थ बसून राहिले. सारा दिवस गेला. पाणी आत शिरत होते ते डागापासून आठ फुटांवर, गच्ची आणि कठडा जिथे मिळतात त्या कोपऱ्यातून. तिथे वाटा भरलेलाच नव्हता. हा दोष गुत्तेदाराचा, हे उघड होते. मला आनंद झाला. पण चाचा वरचा पातळ गिलावा खरवडत राहिले. खाली स्लॅबभर केसासारख्या बारीक भेगांचे जाळे होते. त्यावर बोट फिरवीत ते म्हणाले, “ह्या भेगा तहानेच्या हायेत. पाणी किती दिवस मारलं होतं?”

मी म्हणालो, “ते गुत्तेदाराचं काम...”

“पाणी घरमालक मारतो, गुरुजी. गुत्त्यात पाणी नसतं.”

सिमेंट वाळून घट्ट होते अशी पुष्कळांची समजूत आहे. खरे म्हणजे ते पाणी पिऊन घट्ट होते. नवा स्लॅब निदान दहा दिवस, कडक उन्हात चौदा दिवस, सतत ओला ठेवावा लागतो. मी चार दिवस पाणी मारले होते. पाचव्या दिवशी टँकरचा भाव वाढला, आणि मी ओली पोती टाकून समाधान मानले. पोती दुपारपर्यंत वाळून जात. हे मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. ते मला आठवत होते. फक्त मी त्याची आणि गळतीची गाठ कधी घातली नव्हती.

त्या रात्री मला आजोबांचे माळवद आठवले. लाकडी तुळया, त्यांवर कड्या, त्यांवर तुराट्या आणि पाला, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. मध्ये उजेडाला साणे, कडेला पन्हाळ. उन्हाळा संपत आला की आजोबा, वडील आणि आम्ही पोरे वर चढून नवी माती टाकायचो आणि ती चोपायचो. तिथे गुत्तेदार कोणी नव्हता. ज्याचे घर, त्याचेच हात. मला वाटले, तो काळ चांगला; फसवणुकीला जागाच नव्हती.

पण मराठवाड्याच्या माणसाला या विचारावर फार वेळ टेकता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीची धरणी हलली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून लोक घरी येऊन झोपले होते. सरकारी हिशेबाप्रमाणे आठ हजारांच्या आसपास माणसे गेली. त्यांतली पुष्कळशी मातीत रचलेल्या दगडी भिंतींखाली आणि माळवदाखाली गेली. दरवर्षी गळती थांबावी म्हणून घातलेला थर वाढत वाढत कुठे दीड फूट, कुठे दोन फूट झाला होता. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद अशा खोलीवर दोन फूट माती म्हणजे नव्वद ते शंभर क्विंटल वजन. ती माती कोणा लबाडाने टाकली नव्हती. लेकराबाळांच्या अंगावर पाणी पडू नये म्हणून बापाने, आज्याने मायेने टाकली होती. प्रत्येकाने फक्त आपल्या वर्षापुरता थर पाहिला. खालचे थर कोणी मोजले नाहीत. त्यात गुन्हा कोणाचाच नव्हता, आणि तरीही मी चार दिवस पाणी मारून खाली उतरलो त्यापेक्षा ती माणसे कितीतरी प्रामाणिक होती. म्हणजे स्वतःच्या हाताने करणे पुरेसे नाही, आणि हेतू चांगला असणेही पुरेसे नाही.

त्या आपत्तीनंतरची एक गोष्ट मला अधिक शिकवून गेली. बावन्न गावे पूर्णपणे नवी वसवण्यात आली. पण जिथे घरे तडकली होती, पडली नव्हती, अशा शेकडो गावांत दुरुस्तीचे पैसे हप्त्याहप्त्याने घरमालकाच्या हाती देण्यात आले. त्याने सामान आणायचे, गवंडी लावायचा, काम पाहायचे. अभियंत्याने तपासले की पुढचा हप्ता. गावोगावी बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून नेमले गेले. भिंतीच्या आरपार जाणारे दगड का बसवायचे, छपरावरची माती उतरवून वीतभरच का ठेवायची, हे त्या घरोघर समजावून सांगत. दीड लाखांहून अधिक घरांची डागडुजी अशा रीतीने झाली. त्या रीतीत मालकाला ‘मला काय ठाऊक’ असे म्हणायची सोय ठेवलेली नव्हती. मला तिचे मोल त्यातच वाटते.

याचा अर्थ गुत्तेदार सुटला, असा कोणी घेऊ नये. माणसाने याबाबत फार जुने कायदे केलेले आहेत. सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी बाबिलोनच्या हम्मुराबी राजाने दगडावर कोरून ठेवले, की घर कोसळून मालक मेला तर बांधणाऱ्याला मरणदंड द्यावा, आणि भिंत कलली तर बांधणाऱ्याने ती स्वतःच्या खर्चाने भक्कम करून द्यावी. आपल्याकडे १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा झाला. घरबांधणी ही ‘सेवा’ असल्याचे त्यात १९९३ मध्ये स्पष्ट लिहिले गेले. आता २०१९ चा नवा कायदा आहे. ज्याला लुबाडले गेले त्याने करारपत्र आणि पावत्या घेऊन जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे जरूर जावे. चोरी ती चोरीच. पण कायदा दोष कोणाचा हे ठरवतो, तेही तो उघडकीस आल्यावर. छत मात्र आत काय घातले आणि काय घातले नाही, एवढेच जाणते. पाऊस कोणाच्याही बाजूने साक्ष देत नाही.

मग माझ्यापुढे एक प्रश्न उभा राहिला, आणि तो छताचा नव्हता. वाटा त्याने भरला नाही. पाणी मी मारले नाही. मग पंधरा हजार रुपये कोणाचे? आणि गावात मी जे बोलत फिरलो, ते कोणाच्या खात्यावर मांडायचे? समोरच्याने थोडी लबाडी केली असली, की आपल्या चुकीची वजाबाकी परस्पर होऊन जाते, असा आपला हिशेब असतो. शाळेत मी पोरांना असा हिशेब करू देत नाही.

दिवाळीनंतर मी पैसे घेऊन त्याच्याकडे गेलो. तो आता बांधकामे घेत नाही. मुलाच्या दुकानात बसतो. मी म्हणालो, “भाऊ, स्लॅबला पाणी मी कमी मारलं होतं. गावात ते कधी सांगितलं नाही. हे तुमचे राहिलेले.” त्याने नोटा सावकाश मोजल्या आणि गल्ल्यात ठेवल्या. मी वाट पाहत होतो. खरे सांगायचे तर तो ‘राहू द्या, गुरुजी’ म्हणेल, निदान त्याचे डोळे भरून येतील, अशी माझी अपेक्षा होती. कादंबऱ्या लिहिणाऱ्याला ही खोड असते. तसे काही झाले नाही. मी पायरी उतरू लागलो तेव्हा तो म्हणाला, “वाटा राहिला, शिमिटबी कमीच पडलं. त्या भावात बसतच नव्हतं, गुरुजी. तुमाला ते ठाऊक होतं.”

मला ठाऊक होते काय? सहा महिने झाले, मी स्वतःला हे विचारतो आहे. सिमेंटच्या गोणीचा भाव मला माहीत होता. किती गोण्या लागतात, हे विचारायला चाचांचे घर दोन गल्ल्या पलीकडे होते. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर कळले असते, आणि कळले असते तर तो भाव मला घेता आला नसता. असे न विचारणे हे अज्ञान खास नव्हे. आमच्या शाळेत पालक येतात, “पोरगं तुमच्या हवाली केलं, गुरुजी,” म्हणतात आणि निकालाच्या दिवशी पुन्हा उगवतात. मी त्यांच्यावर फार चिडत असे. तोही एक गुत्ताच आहे. हल्ली चिडणे थोडे कमी झाले आहे.

उन्हाळ्यात चाचांनी जुना थर काढून विटांच्या तुकड्यांचा नवा कोबा केला, ढाळ नीट दिला, वाटे भरले. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ आम्ही घरच्यांनी पाणी मारले. आई खुर्ची टाकून मोजणी करीत होती. आता खालचा डाग तेवढा उरला आहे. तो आठवण म्हणून तसाच ठेवावा, असे मी सुचवून पाहिले. पत्नी म्हणाली, “डाग ठेवून शहाणपण येत असतं, तर ते बारा वर्षांत आलं असतं.” तेव्हा डागावरही रंग बसणार आहे.

काल रंगारी येऊन गेला. त्याने भाव सांगितला आणि सवयीप्रमाणे ‘काही कमी’ म्हणायला माझे तोंड उघडले. ते तसेच ठेवून मी विचारले, “या भावात रंगाचे किती हात बसतात?”

तो जरा चपापला. म्हणाला, “दोन.”

“आणि काम नीट व्हायला?”

“तीन लागतात, गुरुजी.”

तीन हातांचा भाव ठरला आहे. मोजायला मी उभा राहणार आहे.