बोच आणि सल

अळूच्या फदफद्यात चिंच कमी पडली की घसा खाजतो. जळत नाही, दुखत नाही, खाजतोच. अळूच्या पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते घशात खरोखर रुततात. सुया डोळ्यांना दिसण्याच्या कितीतरी आधी घशाने त्या ओळखल्या होत्या.

मिरचीची मात्र आग होते. १९९७ साली डेव्हिड ज्युलियस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की मिरचीतलं कॅप्सेसिन चेतातंतूवरच्या ज्या संवेदकाला जागं करतं, तोच संवेदक चटक्यानेही जागा होतो. या वाटेवरच्या कामासाठी २०२१ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. ‘तोंड भाजलं’ म्हणणारं पोर अतिशयोक्ती करत नसतं.

चुरचुरणं जखमेचं, हुळहुळणं भाजल्या कातडीचं, खवखव घशाची, ठणका गळवाचा. जागा बदलली की शब्द बदलतो. ‘दुखतंय’ एवढंच म्हणणारा माणूस आपल्या अंगाचं अर्धंच ऐकतो.

काटा थंडीने येतो, भीतीने येतो, एखादा स्वर नेमका लागला तरी येतो. केसाच्या मुळाशी असलेला स्नायू एकच. कारण त्याला ठाऊक नसतं. ते ज्याचं त्याने शोधायचं.

मनाचे शब्द आपण अंगाकडूनच घेतले, पण वापरताना फार काटेकोर राहिलो. दुसऱ्याचं यश खुपतं. टोचतं ते आपलं वागणं. राहून गेलेल्या गोष्टीची रुखरुख लागते. बोच वरची असते, समोरच्याने शब्द मागे घेतला तर निघूनही जाते. सल आत मोडलेल्या काट्याचा. वरची कातडी केव्हाच भरून आलेली असते, म्हणून कुणाला दिसत नाही आणि कुणी विचारत नाही. बोललेलं बोचतं. पुष्कळदा न बोललेलं सलतं.

वेदना किती, हे विचारणं सोपं. ती कशी, हे विचारायला रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली. त्यात वेदनेचे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. रुग्णाचा शब्द हीसुद्धा तपासणीच, हे त्यांनी मानलं. आपल्या दवाखान्यांतही तो तितक्याच आदराने ऐकला जायला हवा.

कारण शब्दाच्या फरकात पाय वाचतो. मुंग्या येतात तोवर नस बोलते आहे. बधिर झाली की बोलायची थांबली. कुष्ठरोगाच्या चट्ट्याला स्पर्श कळत नाही, तो दुखतही नाही, म्हणूनच दाखवायला उशीर होतो. मधुमेह्याला तळव्यात रुतलेला खिळा कळत नाही आणि जखम चिघळते.

घरात कुणी ‘कसंतरी होतंय’ म्हणालं, तर तेवढ्यावर सोडू नका. ठणकतंय, की चमक मारते, की मुंग्या येतात, एकेक शब्द पुढे ठेवून विचारा. आणि घरात मधुमेही असेल तर हेही विचारा: येत होत्या त्या मुंग्या थांबल्या का? थांबल्या असतील, तर बरं वाटलं म्हणून स्वस्थ बसू नका; पाय डॉक्टरांना दाखवा.