समारंभ

पितळ खाली पडलेलं दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. बेळगावात वडिलांचं भांड्यांचं दुकान होतं. तुटलेल्या घंगाळाची कडी असो की समईचा निखळलेला मोर, सगळं मोडीच्या पोत्यात जायचं. पितळ टाकून देणं आमच्या घरी अन्न टाकण्याइतकंच वाईट समजत. त्यामुळे गेल्या वर्षी टेक्सासमध्ये लेकीकडे असताना जावई आणि नातवाबरोबर नेमबाजीच्या रेंजवर गेले आणि पायाखाली पिवळ्याधमक पुंगळ्यांचा सडा पाहिला, तेव्हा माझं काय झालं असेल ते तुम्हीच ओळखा.

जावई कागदावर नेम धरतो. कुणाचा जीव जात नाही म्हणून मी आजवर काही बोलले नव्हते. कानावर ते मोठे कर्णरक्षक चढवून मागच्या बाकावर बसले. पिस्तुलातून गोळी सुटली की पुंगळी उजवीकडे टुणकन उडते. थोड्या वेळाने रेंजचा माणूस ‘थांबा’ म्हणून ओरडतो, सगळे बंदुका खाली ठेवून मागे सरतात, आणि मग वेचायला परवानगी. काही रेंजवर फक्त आपल्याच पुंगळ्या उचलता येतात, काही ठिकाणी सगळं पितळ रेंजच्या मालकीचं असतं. इथे मात्र दुसऱ्यांनी सोडलेल्याही विचारून घेता येत. नातू डबा घेऊन धावला. पाठोपाठ मीही. साडीचा ओचा खोचून शेंगा वेचाव्यात तशा वेचल्या.

या पुंगळ्यांचं करायचं काय, ते घरी आल्यावर कळलं. शेजारी एक आजोबा राहतात, सत्तरीच्या पुढचे, एकटे. गॅरेजमध्ये त्यांचं छोटं यंत्र आहे. रिकाम्या पुंगळ्या ते पुन्हा भरतात. आधी अक्रोडाच्या टरफलांच्या भरडीत घालून पिंपात तासन्‌तास फिरवायच्या, की लखलखीत होतात. मग बुडाची फुटलेली टिकली काढायची. गोळी सुटताना पुंगळी फुगते, ती साच्यात दाबून पुन्हा मापात आणायची. मग नवी टिकली, मोजून दारू आणि वर शिशाची गोळी. दारू ग्रेनमध्ये मोजतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम, आपल्या सोनाराच्या गुंजेच्या साधारण निम्मा. त्यांची तागडी पाहून मला सराफकट्टा आठवला.

टिकली म्हटलं म्हणून आठवलं, महावीर निर्वाणाचा दिवस म्हणून दिवाळीत आमच्या घरात टिकल्यांचं पिस्तूलसुद्धा कधी आलं नाही. भाऊ रडरड रडायचा.

निवडायचं काम मी अंगावर घेतलं. दुपारचा वेळ जात नव्हता हे एक, आणि निवडणं हे माझं हातखंडा काम हे दुसरं. परातीत पुंगळ्या ओतायच्या, चष्मा लावून बुडाशी कोरलेले आकडे वाचायचे आणि नऊ मिलिमीटरच्या एका डब्यात, रायफलच्या लांब पुंगळ्या दुसऱ्या डब्यात. लोहचुंबकाला चिकटली की पोलादाची, ती बाजूला. आत डोकावून पाहायचं, मधोमध एकच भोक असेल तर कामाची, दोन बारीक भोकं असतील तर सहसा टाकाऊ. मान चिरलेली असेल तर मोडीत. टिकलीच्या धुरात शिसं असतं, म्हणून लेकीने हातमोजे दिले, शिवाय साबणाने हात धुवायची तंबी. आजोबा म्हणाले, त्यांच्या चाळीस वर्षांत इतकं नीट कुणी निवडून दिलं नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

ऑक्टोबर सरताना ते लांब पुंगळ्यांचा डबा न्यायला आले, तेव्हा सहज विचारलं, रायफल कशासाठी? ते म्हणाले, नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी हरणांचा मोसम सुरू होतो.

त्या रात्री जपमाळ हातात घेतली आणि पहिल्याच मण्याशी अडकले. माळेत १०८ मणी का, हे लहानपणी पाठशाळेत आम्ही घोकलेलं. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात त्याचा हिशेब आहे. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया या तिन्हींनी. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, कुणी केल्यावर मान डोलावलेलं. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशेआठ. संरंभ म्हणजे मनात ठरवणं. आरंभ म्हणजे प्रत्यक्ष कृतीला हात घालणं. आणि दोन्हींच्या मधला समारंभ म्हणजे साधनं गोळा करणं. आपण बारशाला आणि मुंजीला वापरतो तोच शब्द. लहानपणी याचं हसू यायचं. आता माझा मणी कुठला हे शोधायला फार वेळ लागला नाही. समारंभ, कायेने, स्वतः केलेला, मान कषायातून.

तुम्ही म्हणाल, काकू, अहो ती रिकामी पुंगळी! ७० भाग तांबं आणि ३० भाग जस्त, त्यात पाप कुठून आलं? धातूत पाप नाही हे मलाही मान्य आहे. दुकानातलं पोतं तांबटाच्या भट्टीत जायचं, तिथे कान आणि मोर दोन्ही वितळून जायचे, आधीचं काम तिथेच संपायचं. मोड म्हणतात ती यालाच. पुंगळीचं तसं होत नाही. तिला मी वितळवलं नाही, पुढच्या फेरीसाठी तयार केलं. माझ्या काटकसरीने नवं पितळ वाचलं हे खरं, पण वाचलेलं कुणाच्या वाट्याला गेलं हे मी दोन महिने विचारलंच नाही.

आजोबांशी मी बोलले, माझ्या बी.ए.च्या इंग्रजीत. ते चिडले नाहीत. म्हणाले, मी स्वतः भरतो ते याचसाठी, की प्रत्येक गोळी सारखी जावी, एकाच गोळीत जनावर पडावं, जखमी होऊन रानात दोन दिवस तडफडू नये. खात्री नसेल तर मी चाप ओढत नाही. मला उत्तर सुचलं नाही. आपल्याकडे हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, बेसावधपणा आहे, आणि हा माणूस तर तागडीशी श्वास रोखून बसतो. माझ्या स्वयंपाकात मी तेवढी सावध असते का? पण मग वाटलं, सावधपणा मारण्याच्या संकल्पाच्या कामी लागला की तो संकल्प आणखीच पक्का होतो. संकल्पी हिंसा गृहस्थालाही माफ नाही.

बंदुकीशी माझं वैर आहे असंही नाही. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बसदी १२०४ सालची. लहानपणी दर्शनाला जाताना वाटेत लष्कराचे पहारेकरी दिसायचे, मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र गावातच. श्रवणबेळगोळचा बाहुबली उभारणारा चावुंडराय स्वतः सेनापती होता. चालून आलेल्याला अडवताना होते ती विरोधी हिंसा, ती गृहस्थाला पूर्ण सुटत नाही हे आपल्या आचार्यांनी ओळखलं होतं. पण टेक्सासचं हरीण आजोबांवर कधी चालून गेलं होतं?

पुढे मी जे केलं ते सांगायला लाज वाटते, तरी सांगते. निवडताना रायफलच्या चांगल्या पुंगळ्या मी मोडीच्या बादलीत टाकू लागले. रोज आठ-दहा. कुणाला कळणार आहे? आठवडाभराने जावयाने एक उचलून उजेडात धरली. म्हणाला, “आई, ही तर चांगली आहे.” मी गप्प. त्याने बादलीत हात घालून आणखी चार काढल्या आणि हसायला लागला. आजोबांना मात्र त्याने काही सांगितलं नाही. मला हसू येईना. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, आणि दुसऱ्याची वस्तू परस्पर मोडीत घालणं यात फरक तो काय? अहिंसेच्या नावाखाली अचौर्य गेलं. शिवाय मणी बदलला, आता माया. नातवाने तेवढ्यात विचारलं, “आज्जी, तू चीटिंग केलीस?” मी हो म्हटलं. त्या पाच पुंगळ्या त्याच्याकडूनच चांगल्यांच्या डब्यात परत टाकवल्या. करवणं झालं ते निराळंच.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आजोबा शिकारीहून परतले. आम्ही मांस खात नाही हे त्यांना ठाऊक, म्हणून मुद्दाम आमच्यासाठी मधाची बाटली घेऊन आले. मद्य, मांस, मधु या तिन्हींचा आपल्याला त्याग असतो, हे त्या बिचाऱ्यांना कुठून ठाऊक असणार? मी दोन्ही हातांनी बाटली घेतली, आभार मानले. मग त्यांनी गाडीतून नव्या पुंगळ्यांचा जड डबा काढला आणि विचारलं, एवढ्या निवडून द्याल का?

मी म्हटलं, चष्मा फुटलाय. चष्मा माझ्या डोक्यावरच होता. त्यांनी तो पाहिला, मान हलवली, आणि डबा परत गाडीत ठेवला.