शंकासमाधान : सात युगांचा तक्ता आणि वाडीचा पूर

प्रश्न : आम्ही नृसिंहवाडीत राहतो, उपासनेला मिरजेला जातो. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तिथल्या मंडळीत भिंतीवर तक्ता लावून सात युगे शिकवतात. इस्राएल राष्ट्र उभे राहिले म्हणजे शेवट जवळ आला, जी मंडळी त्या राष्ट्राला आशीर्वाद देत नाही ती शापित, असे तो म्हणतो. नाताळात घरी आला तेव्हा त्याने आमच्या मंडळीत प्रभुभोजन घेतले नाही. आमचे पाळकसाहेब म्हणतात, आता मंडळी हीच इस्राएल, यहुद्यांचा विषय संपला. खरे कोणाचे?

उत्तर : दोघांचेही पुरते नाही. मुलाची चूक मोठी आहे, पण पाळकसाहेबांचे शेवटचे वाक्यही तसेच सोडता येत नाही.

तो तक्ता प्रेषितांच्या काळचा नव्हे. जॉन नेल्सन डार्बी या उपदेशकाने १८३०च्या सुमारास ही मांडणी सुरू केली. इस्राएल आणि मंडळी या देवाच्या दोन वेगळ्या योजना, मंडळी आधी गुपचूप उचलली जाणार, मग महासंकट, मग हजार वर्षांचे राज्य. १९०९ साली अमेरिकेत स्कोफील्डचे टीपांसह बायबल निघाले आणि ही मांडणी पानाच्या तळाशी जाऊन बसली. निर्दोषता, विवेक, मानवी सत्ता, अभिवचन, नियमशास्त्र, कृपा आणि राज्य ही ती सात युगे. वचन वर आणि टीप खाली छापली की साध्या वाचकाला दोन्ही सारखीच पवित्र वाटू लागतात. चार युगे ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला तर सात सहज पटतात!

आपल्या जिल्ह्याचाही याला एक धागा आहे. रॉयल वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि तिथे त्यांनी मिशनचे काम उभे केले. अमेरिकेत परतल्यावर १८७८ साली त्यांनी ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढले. त्यांच्यामागे ते आर्थर पिअर्सन यांच्या हाती गेले, आणि स्कोफील्डच्या सल्लागार संपादकांच्या यादीत पिअर्सन यांचे नाव आहे. तेव्हा ही शिकवण म्हणजे परक्यांनी काल आणलेले खूळ, असे म्हणून हात झटकू नका. ती मानणाऱ्यांत जीव ओतून सेवा करणारी माणसे होऊन गेली.

पण मुलाला दोन गोष्टी विचारा. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायातले आशीर्वाद-शापाचे वचन अब्राहामाला दिले आहे. पौल गलतीकरांस लिहिताना तेच वचन घेतो आणि सर्व राष्ट्रांतले विश्वास ठेवणारे अब्राहामाचे वारस आहेत, असे सांगतो. आजच्या एखाद्या सरकारच्या प्रत्येक निर्णयाला ‘आमेन’ म्हणा, असे त्यात कुठे आहे? दुसरे, थेस्सलनीकाकरांस लिहिलेला जो उतारा ‘रॅप्चर’साठी, म्हणजे मंडळी उचलली जाण्यासाठी, वाचतात, तो ज्यांची माणसे वारली होती त्यांचे सांत्वन करायला लिहिला होता. त्यातून वेळापत्रक काढणाऱ्यांचे अंदाज आजवर चुकतच आले. ती घटका पुत्रालाही ठाऊक नाही, असे प्रभूच म्हणाला आहे.

आता पाळकसाहेब. त्यांनी रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय पुन्हा वाचावा. रानटी जैतुनाची फांदी कलम होऊन आत आली, तिने मूळच्या फांद्यांपुढे तोरा मिरवू नये, देव आपली कृपादाने परत घेत नाही, असे पौल बजावतो. ‘यहुद्यांचा विषय संपला’ या वाक्याने युरोपात शतकानुशतके त्या लोकांचे हाल केले. रोमन कॅथलिक सभेने १९६५ साली हा दोष निवारण्याचा जाहीर प्रयत्न केला.

आणि यहुदी म्हटले की आपल्याला फक्त जेरुसलेम का दिसावे? अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्राएल घाणे चालवत, शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. मराठी बोलणारी ही माणसे १९४८ नंतर इस्राएलला गेली, तर तिथे त्यांच्या यहुदीपणाबद्दलच शंका काढल्या गेल्या. लग्नाच्या नोंदणीसाठी त्यांना झगडावे लागले. १९६४ साली सरकारने त्यांना पूर्ण यहुदी म्हणून मान्यता दिली. ज्यांना तक्त्यात नुसती ‘खूण’ म्हणून चिकटवतात, त्यांची ही हकिकत आहे.

राहिले प्रभुभोजन. श्रद्धेच्या मतांगिकारात एवढेच आहे की ख्रिस्त पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील. ते येणे हजार वर्षांच्या राज्याआधी की नंतर, यावर मतभेद असू द्यात. त्यापायी आईबापांबरोबर मेजाशी बसायला नकार देणे, हे मात्र पाप आहे. तसे त्याला स्पष्ट सांगा.

प्रश्न : २०१९च्या पुरानंतर एक उपदेशक म्हणाले, हा वाडीच्या मूर्तिपूजेबद्दल दंड आणि अंतकाळाची खूण. शेजाऱ्यांना तोंड कसे दाखवायचे? दक्षिणद्वाराच्या वेळी आम्ही घाटावर जावे का?

उत्तर : शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली, तेव्हा ती इतरांहून अधिक पापी होती काय, असे प्रभूने लोकांना विचारले आणि स्वतःच ‘नाही’ म्हटले. लूकच्या तेराव्या अध्यायात हे आहे. शिरोळ तालुक्यात पाणी घुसले ते ख्रिस्ती-हिंदू-मुसलमान बघून नव्हे. त्या उपदेशकाने पावसाची आणि धरणांच्या विसर्गाची माहिती घेतली असती, तरी अधिक लोकांचे भले झाले असते.

दक्षिणद्वार सोहळा हा तुमच्या शेजाऱ्यांच्या श्रद्धेचा दिवस. कृष्णेचे पाणी गाभाऱ्यात शिरून पादुकांवरून दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते, तेव्हा ते स्नानाला गर्दी करतात. तुम्ही स्नान करायचे नाही, हे ते जाणतात. म्हाताऱ्या शेजाऱ्याला पायऱ्यांवर हात द्यायला जरूर जा. दुकानातून आणलेली बासुंदी आणि कवठाची बर्फी खायला शंका घेऊ नका. नैवेद्य म्हणून हाती दिला तर पौलाने करिंथकरांस सांगितल्याप्रमाणे आपला आणि समोरच्याचा विवेक बघा, आणि नको असेल तर गोडीने सांगा.

प्रश्न : रविवारच्या प्रार्थनेत इस्राएलसाठी प्रार्थना करावी की नाही?

उत्तर : करावी, आणि त्याच दमात पॅलेस्टाइनसाठीही. बेथलेहेमात आजही ख्रिस्ती कुटुंबे आहेत. २००९ साली पॅलेस्टिनी ख्रिस्ती पुढाऱ्यांनी ‘कैरॉस’ नावाचे निवेदन काढून जगभरच्या मंडळ्यांना हाक दिली, आपल्यावरचा अन्याय वचनाच्या आधाराने झाकू नका म्हणून. मुलाच्या पुण्याच्या मंडळीत ते निवेदन एकदा वाचून घ्या, आणि मग तक्ता हवा तर भिंतीवर राहू द्या.