शेजाऱ्याचा आवाज आणि आपला न्याय

मे महिना आला की रत्नागिरीत लग्नसराईला भर येतो. मुंबईचे चाकरमानी आणि आखातातून सुट्टीवर आलेले तरुण गावी परततात, अंगणात मांडव पडतात आणि हळदीच्या रात्री मांडवाच्या तोंडाशी ध्वनिवर्धकांची रास उभी राहते. चिऱ्याच्या भिंती आणि कौलांचे छप्पर उन्हाची झळ अडवतात, पण डीजेचा ठोका त्यांना अडवता येत नाही. उकाड्यामुळे खिडक्या उघड्या आहेत. रात्रीचे साडेअकरा वाजले आहेत. गडग्यापलीकडे गाणी रंगात आली आहेत आणि अलीकडच्या घरात रक्तदाबाने आजारी असलेली आई कूस बदलत आहे, लहान मूल दचकून उठत आहे. पहाटे फजरच्या नमाजसाठी उठायचे आहे. अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाने काय करावे? उठून जाऊन चार शब्द सुनवावेत, पोलिसांना कळवावे, की सबर करून पडून राहावे?

हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. परंतु आपली उपासना जशी मशिदीत दिसते, तसा आपला न्याय अशाच लहान प्रसंगी दिसतो. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

प्रथम शेजाऱ्याचा हक्क पाहू. कुरआनच्या सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत एक अल्लाहची उपासना करण्याच्या आदेशासोबत ज्यांच्याशी सद्वर्तन करायचे त्यांची गणना आहे. तिच्यात आईवडील, आप्त, अनाथ व गरजू यांच्यानंतर नात्यातला शेजारी आणि परका शेजारी, दोघांचाही उल्लेख आहे. बुखारी व मुस्लिम यांच्या प्रसिद्ध हदीसचा आशय असा की, हजरत जिब्रील (अलै.) शेजाऱ्याविषयी इतकी सातत्याने ताकीद देत राहिले की, शेजाऱ्याला वारसच ठरवले जाईल असे प्रेषित मुहम्मद (स.) यांना वाटू लागले. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी बकरी कापली गेली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याला वाटा पोहोचला का, हे त्यांनी घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारले आणि या हदीसची आठवण करून दिली. म्हणजे हा हक्क धर्म पाहून दिलेला नाही. ज्याच्या मांडवातून आज आवाज येत आहे, तोही या हक्काचा धनी आहे.

याच विषयावरची दुसरी हदीस अधिक कठोर आहे. ज्याच्या उपद्रवापासून त्याचा शेजारी सुरक्षित नाही तो ईमानवाला नव्हे, असे प्रेषितांनी (स.) तीन वेळा शपथेवर सांगितले. पलीकडचा आवाज वाढला की ही हदीस आपल्याला त्या शेजाऱ्यासाठी आठवते. ती मुळात सांगितली गेली आपल्यासाठी. तिचा पहिला हिशेब आपल्याच घरापासून सुरू होतो.

आता मूळ तक्रारीकडे वळू. रात्री खाटेवर पडून आपण जेव्हा संतापतो, तेव्हा मनात दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र मिसळलेल्या असतात. एक तक्रार अशी की, हा आवाज आम्हाला झोपू देत नाही. दुसरी अशी की, हे संगीतच वाईट आहे. वाद्यसंगीत बहुसंख्य फुकहांनी नापसंत केले आहे आणि लग्न व ईदच्या प्रसंगी दफ वाजवण्याची मुभा मानली आहे. हा विचार आपल्या घरासाठी आपल्याला बांधील आहे. परंतु जो शेजारी ही शिकवण मानतच नाही, त्याच्या अंगणावर आपण ती लादू शकत नाही. त्याच्याकडे आपले मागणे एवढेच असू शकते की, त्याच्या आनंदाने आमच्या आजाऱ्याला ईजा होऊ नये. आवाज खिडकीतून आत येतो तेवढाच आपला अधिकार आहे. त्याने कोणते गाणे लावावे, हा त्याचा प्रश्न आहे.

या दोन तक्रारी वेगळ्या करण्यासाठी स्वतःला एक प्रश्न विचारावा. त्याच वेळी, तितक्याच मोठ्या आवाजात, त्याच दिशेने नात किंवा कव्वाली वाजत असती, तर आपण अशीच तक्रार केली असती का? उत्तर ‘नाही’ असेल, तर आपली तक्रार झोपेची नाही. आजारी आईचे नाव आपण केवळ पुढे केलेले आहे. उत्तर ‘होय’ असेल, तर आपले मागणे न्यायाचे आहे आणि ते निर्भयपणे मांडता येते.

ही कसोटी कोणाला कठोर वाटेल. पण तिचा आधार खुद्द मस्जिदे नबवीत आहे. अबू दाऊदमध्ये हजरत अबू सईद खुदरी (रजि.) यांची रिवायत आहे. प्रेषित (स.) एतिकाफमध्ये असताना लोक मोठ्याने कुरआन पठण करत होते. त्यांनी पडदा बाजूला सारला आणि समजावले की, तुमच्यापैकी प्रत्येक जण आपल्या पालनकर्त्याशी संवाद करत आहे, म्हणून एकमेकांना त्रास देऊ नका आणि पठणात एकमेकांपेक्षा आवाज चढवू नका. तिथे शब्द अल्लाहचे होते, जागा मशीद होती आणि हेतू इबादतीचा होता. तरीही दुसऱ्याला होणारा त्रास प्रेषितांनी (स.) दुर्लक्षित केला नाही. मग आशय चांगला असल्यामुळे आवाज माफ होतो, असे आपण कोणत्या आधारावर म्हणणार?

इथे काही वाचक म्हणतील, ‘आमच्या पाच मिनिटांच्या अजानवर वाद होतात आणि त्यांचे तासन्‌तासांचे डीजे चालतात. मग हिशेब आम्हीच का द्यावा?’ या बोलण्यात वेदना आहे आणि काही अंशी तथ्यही आहे. अजान काही मिनिटांत संपते, रात्रभराच्या गाण्यांशी तिची बरोबरी होत नाही. परंतु सूरह माइदाच्या ८ व्या आयतीत अल्लाहने बजावले आहे की, एखाद्या समूहाविषयीच्या वैराने तुम्हाला अन्यायाकडे वळवू नये. दुसऱ्याने माप चुकवले म्हणून आपले माप खोटे करता येत नाही.

आपल्या न्यायालयांनीही हेच एक माप सर्वांना लावले आहे. २००० साली सर्वोच्च न्यायालयापुढे चेन्नईच्या एका चर्चचे प्रकरण आले. ध्वनिवर्धक व ढोल वाजवून इतरांची शांतता भंग करत प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, असा निर्वाळा तेव्हा मिळाला. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये ध्वनिवर्धक हा धर्माचा अत्यावश्यक भाग नसल्याचे स्पष्ट केले. ते प्रकरण उत्सवांच्या मांडवांपासून सुरू झाले होते. जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या नेहरूनगर परिसरातील मशिदींच्या ध्वनिवर्धकांविषयी निकाल देताना त्याच न्यायालयाने तेच तत्त्व सांगितले. त्याआधी सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या मिरवणुकांतील डीजेविरुद्ध याचिका आली, तेव्हा जे गणेशोत्सवात घातक ते ईदलाही घातकच, असे खंडपीठाने म्हटले. ज्यांनी आपल्या अनुयायांना पठणातही आवाज आवरायला शिकवले, त्यांच्या जन्माच्या आनंदात डीजे वाजावा आणि ते न्यायालयाने आपल्याला सांगावे लागावे, ही गोष्ट प्रत्येक मुस्लिम घराने मनाला लावून घेण्यासारखी आहे.

अजानचे महत्त्व ध्वनिवर्धकावर अवलंबून नाही. हजरत बिलाल (रजि.) मदीनेत एका उंच घराच्या छतावरून अजान देत असत. २०२५ मध्ये मुंबईतील काही मशिदींनी मोबाइल अॅपद्वारे अजान घरोघरी पोहोचवण्याची व्यवस्था केली, तेव्हा अजानची शान कमी झाली नाही. आपल्या मशिदीच्या कर्ण्याचे तोंड कोणाच्या खिडकीकडे आहे, हे विश्वस्तांनी एकदा स्वतः त्या खिडकीत उभे राहून ऐकावे. ज्याने हे केले, त्यालाच शेजारच्या मांडवात जाऊन बोलण्याचे नैतिक बळ लाभते.

आता सबरचा प्रश्न. प्रत्येक आवाजावर बोललेच पाहिजे असे नाही. अबू दाऊदमधील एका रिवायतीनुसार हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना वाटेत बासरीचा सूर ऐकू आला. त्यांनी कानांत बोटे घातली, वाट बदलली आणि सूर थांबेपर्यंत सोबतच्या नाफे यांना विचारत राहिले. या रिवायतीच्या दर्जाविषयी मुहद्दिसांत मतभेद आहेत. तरी तिच्यातली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी आपला मार्ग बदलला, वाजवणाऱ्याशी भांडण केले नाही.

इमाम अबू हनीफा (रह.) यांच्या चरित्रात याहून बोलका प्रसंग येतो. कोकणात आपण बहुतेक शाफई मसलकाचे असलो तरी हा प्रसंग सर्वांचाच आहे. कूफ्यात त्यांच्या शेजारी एक चांभार राहत असे. तो रात्री मद्य पिऊन मोठमोठ्याने गात असे आणि आपल्या माणसांनी आपल्याला गमावले, अशी त्या गाण्यात तक्रार असे. इमामसाहेब रात्रीच्या इबादतीत तो आवाज ऐकत. एका रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला पकडून नेल्याचे कळले. इमामसाहेब स्वतः अमीराकडे गेले आणि त्याची सुटका करवून आणली. परतताना त्यांनी त्याला एवढेच विचारले की, आम्ही तुला गमावले का? त्या प्रश्नाने तो माणूस बदलला, असे चरित्रकार सांगतात.

या प्रसंगातून प्रत्येक आवाज मुकाट्याने सोसावा असा अर्थ काढू नये. आवाज थांबल्यावर इमामसाहेबांना सुटकेचा निःश्वास टाकावासा वाटला नाही, त्यांना शेजाऱ्याची काळजी वाटली. आपला सबर खरा आहे की नाही, ते इथे कळते. सलाम-नमस्कार बंद करून, मनात राग साठवून गप्प बसणे हा सबर नव्हे. त्या गप्प बसण्यातून पुढे मोठे भांडण उद्भवते. वर्षातून एक हळदीची रात्र असेल, तर ती सोसावी आणि वधू-वरांसाठी शुभेच्छाही द्याव्यात. परंतु रोजचा त्रास असेल, किंवा घरात आजारी माणूस अथवा दहावी-बारावीचे मूल असेल, तर बोलणे हेच योग्य आहे.

कसे बोलावे? अल्लाहने हजरत मूसा (अलै.) यांना फिरऔनकडे पाठवतानाही मृदू बोलण्याचा आदेश दिला (सूरह ताहा, ४४). आपला शेजारी काही फिरऔन नाही. गाणी चालू असताना, चारचौघांसमोर, पाच-दहा तरुण बरोबर घेऊन जाऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी एकट्याने जावे. ‘दादा, काल लग्न छान झाले. एकच विनंती आहे. अम्मीला रात्री झोप नाही लागली तर तिचा त्रास वाढतो. पुढच्या वेळी स्पीकरचे तोंड रस्त्याकडे केलेत आणि दहाला आवाज कमी केलात तर फार उपकार होतील.’ एवढे पुरे आहे. या बोलण्यात संगीताचा, धर्माचा किंवा मागच्या वर्षीच्या कुठल्या प्रसंगाचा उल्लेख नसावा. भिंतीतून येतो तो मुख्यतः बेसचा खोल ठोका. तेवढा कमी केला तरी त्यांचे गाणे चालू राहते आणि आपले घर निवते. मोबाइलवर चित्रण करून मोहल्ल्याच्या ग्रुपवर टाकणे मात्र कटाक्षाने टाळावे. घराघरातली गोष्ट त्या क्षणी दोन समाजांची होते आणि मग ती कोणाच्याच हाती राहत नाही.

गोडीने सांगूनही उपयोग झाला नाही, तर कायद्याकडे जाण्यात कमीपणा नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावण्यास मनाई आहे. राज्य सरकारला ठरावीक सणांसाठी, वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस, मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते. डेसिबलच्या मापात १० ची वाढ म्हणजे ध्वनीच्या ऊर्जेत दहा पट वाढ, हेही ध्यानात ठेवावे. ११२ क्रमांकावर पोलिसांना कळवता येते आणि तक्रारदाराची ओळख उघड करू नये, असे उच्च न्यायालयाने २०२५ च्या निकालात सांगितले आहे. याला शरीअतचा आधारही आहे. एका माणसाने शेजाऱ्याच्या त्रासाची तक्रार केली, तेव्हा प्रेषितांनी (स.) आधी सबर करण्यास सांगितले. तो पुन्हा आला, तेव्हा आपले सामान रस्त्यावर मांडण्यास सांगितले. येणारे-जाणारे कारण विचारू लागले, तसा तो शेजारी खजील होऊन आला आणि यापुढे त्रास होणार नाही, अशी हमी दिली. आधी सबर, मग उघड दाद, हा क्रम आपल्याला तिथे मिळतो. दोन्हींत हातघाई नाही आणि बदल्यासाठी आपला स्पीकर त्यांच्याकडे फिरवणेही नाही.

शेवटी एक विनंती. पुढचे लग्न आपल्याच घरी असेल. मांडव घालण्यापूर्वी आजूबाजूच्या घरी, ती कोणाचीही असोत, घरातल्या वडीलधाऱ्याने स्वतः जावे. कोणी आजारी आहे का, कोणाची परीक्षा आहे का, हे विचारावे आणि गाणी किती वाजता बंद होतील याचा शब्द द्यावा. मग तो शब्द पाळावा. पूर्वी आपल्या घरी बायका हळदीला कोकणी गाणी म्हणत, त्यांचा आवाज अंगणापुरता राही आणि आनंदात काही उणे पडत नसे. ज्या शेजाऱ्याने आपल्या घरून दिलेला शब्द पाळलेला पाहिला, त्याच्याकडे आपली अडचण सांगायला जाताना आपल्याला आवाज चढवावा लागणार नाही.

अल्लाह आपल्या हातून, जिभेतून आणि आपल्या घरच्या आवाजातून कोणत्याही शेजाऱ्याला ईजा होऊ देऊ नये, आणि स्वतःवर अन्याय होत असतानाही न्यायाने वागण्याचे बळ आपल्याला देवो. आमीन.