चारचौघांत

उत्कर्ष पावलेल्या माणसाविषयी मराठीत ‘तो चारचौघांत उठून दिसतो’ असे म्हटले जाते. ज्याच्यात काही विशेष नाही, तो ‘चारचौघांसारखा’ ठरतो. दोन्ही प्रयोगांत ‘चारचौघे’ म्हणजे निव्वळ पार्श्वभूमी; गुण तेवढा एकट्याचा. म्हणूनच चार तरुण वादकांचा स्ट्रिंग क्वार्टेट नावारूपाला येतो, तेव्हा या भाषेपुढे पेच उभा राहतो. दोन व्हायोलिन, एक व्हायोला आणि एक चेलो यांच्या या मेळात एक जण सतत उठून दिसू लागला, तर मेळच बिघडतो. ज्या उत्कर्षाची अटच उठून न दिसणे ही आहे, तो उत्कर्ष कोणाचा म्हणावयाचा?

हा प्रश्न परका नाही. रायपूर-दुर्गच्या परिसरातील पंडवानीत कथा सांगणारा कलावंत रंगमंच व्यापून टाकतो; परंतु ‘रागी’ नावाचा साथीदार हुंकार देतो, प्रश्न विचारतो, तेव्हा कथा पुढे सरकते. तीजनबाईंना २०१९ साली पद्मविभूषण मिळाला आणि तो सर्वस्वी उचितच होता. रागीचे नाव मात्र श्रोत्याच्या स्मरणात क्वचितच राहते. खैरागड येथे १९५६ साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापन झाले. त्यासाठी तेथील राजदांपत्याने आपला राजवाडा दिला आणि अकाली निवर्तलेल्या कन्येचे नाव संस्थेस लाभले. पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर यांच्यासारख्या मराठी विद्वानाने तिचे कुलगुरुपद भूषविले. गुरुगृही बंदिस्त असलेली विद्या अशा संस्थांनी अनेकांना खुली केली, हे त्यांचे ऋण मोठे आहे. तथापि परीक्षा आणि पदवी या गोष्टी स्वभावतःच एकेकट्याच्या असतात. चौघांना मिळून एक पदवी देता येत नाही.

या विषयाचा सर्वांत बोलका दाखला मैहरचा आहे. १९१८च्या सुमारास अल्लाउद्दीन खाँ यांनी तेथील अनाथ मुलांना शिकवून एक वाद्यवृंद उभा केला. बंदुकीच्या नळ्यांपासून घडविलेले नलतरंग त्यात वाजत असे. त्याच गुरूपाशी शिकलेले अली अकबर खाँ आणि रविशंकर पुढे जगद्विख्यात झाले. वृंदातील मुले मात्र ‘मैहर बँड’ या समुच्चयनामातच विरून गेली. एकाच अंगणातील ही दोन फळे. त्यातील एकाला नाव लाभले, दुसऱ्याला केवळ आडनाव.

येथे कोणी म्हणेल की, कलेत ‘मी’ विरघळणे हीच तर सिद्धी. मग नावाचा शोक कशासाठी? हा युक्तिवाद उदात्त आहे, परंतु अपुरा आहे. ज्याला नाव मिळविण्याची संधीच नव्हती, त्याच्या अनामिकतेला त्याग म्हणणे ही त्याची वंचनाच होय. त्याग करण्यासाठी हाती काहीतरी असावे लागते. तरुण क्वार्टेटमधील प्रत्येक वादकाच्या हाती ते असते. एकल वादनाची वाट त्याला खुली असते, आणि तरीही तो इतर तिघांचा श्वास ऐकत आपला स्वर बेताने लावतो. संचालक नसल्यामुळे हा संयम बाहेरून लादता येत नाही. स्वरांची वाटणी हायडनने कागदावर केलेली असेल. ऐकणे मात्र कोणी लिहून देऊ शकत नाही.

मग असा मेळ म्हणजे चार माणसे की एक रूप? इतिहास दोन्ही उत्तरे देतो. १९१७ साली निघालेला बुडापेस्ट क्वार्टेट १९६७ साली थांबला, तेव्हा मूळ चौघांपैकी एकही त्यात नव्हता; सारे वादक रशियन साम्राज्यात जन्मलेले होते. उलट, लंडन येथे १९४७ साली जुळलेल्या अमाडेयस क्वार्टेटने १९८७ साली व्हायोलावादक पीटर शिडलोफ निवर्तताच आपले वादन संपविले. पहिल्याने रूप जपले, दुसऱ्याने माणूस. घराण्याच्या परंपरेत वाढलेल्या मनाला पहिला मार्ग ओळखीचा वाटेल. कारण घराणे माणसांच्या जाण्याने संपत नाही. परंतु दुसऱ्या मार्गात एक नैतिक सत्य आहे. ज्याचे नाव वेगळे उच्चारले जात नव्हते, त्याच्यावाचून वाजविणे उरलेल्यांना अशक्य वाटले. कीर्तीने जे दिले नाही, ते सोबत्यांनी दिले.

तेव्हा सामूहिक उत्कर्षाची कसोटी, ‘मी’ किती विरघळला, ही नव्हे. विरघळण्याचा भार सर्वांनी सारखा उचलला काय, ही ती कसोटी होय. तो भार एकावरच पडला तर ती साथ. चौघांनी वाटून घेतला तर तो संवाद. खैरागडच्या परिसरातील चार तरुणांनी उद्या वाद्ये जुळवून एकत्र बसावयाचे ठरविले, तर रागदारी आणि सिंफनी यांतील अंतरापेक्षा हा प्रश्न त्यांना अधिक कठीण जाईल. आणि त्यांनी तो सोडविला, तर ‘चारचौघांसारखा’ या शब्दाचा अर्थ मराठीलाही नव्याने शोधावा लागेल.