बेचाळिशीतला नट

स्वप्नामागे जायचं तर तरुणपणीच, असं आपण सहज बोलून जातो. पण डॉ. श्रीराम लागूंचंच बघा. त्यांचा जन्म १९२७ चा. कान-नाक-घशाचे सर्जन, पुण्यात आणि पुढे टांझानियात प्रॅक्टिस. १९६९ मध्ये त्यांनी वैद्यकी सोडली आणि ते पूर्ण वेळ नट झाले. वय चाळिशीपलीकडचं. नाटकाच्या धंद्यात महिन्याच्या मिळकतीचा भरवसा कोण देणार? आजही कोणी देत नाही म्हणा! पुढच्याच वर्षी ‘नटसम्राट’ हे नाटक आलं आणि त्यातले लागूंचे गणपतराव बेलवलकर घरोघरी पोहोचले.

मला मात्र त्या यशापेक्षा आधीची वर्षं जास्त मोलाची वाटतात. पेशंट सांभाळून ते पुण्यात ‘प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन’मधून हौशी नाटकं करत होते, पैशांची अपेक्षा न ठेवता. एके दिवशी उठून त्यांनी दवाखान्याला कुलूप लावलं नव्हतं. निर्णयाची तालीम कितीतरी वर्षं चालली होती.

तुमचीही एखादी जुनी हौस, समजा हार्मोनियम, माळ्यावर पडली असेल, तर लगेच राजीनामा लिहू नका. आज ती खाली काढा, पुसा आणि भाता चालतोय का, तेवढं बघा.