पदक हे समर्थन नव्हे

कठोर गुरूवाचून शिष्य घडत नाही, असे आपण सहज म्हणून जातो. क्रीडाक्षेत्रात तर हा समज फारच पक्का आहे, आणि वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी यांनी तो अधिकच दृढ केला आहे. याचे एक बोलके उदाहरण पाहू.

1996 साली अटलांटा ऑलिंपिकमध्ये महिलांच्या सांघिक जिम्नॅस्टिक्सच्या वेळी केरी स्ट्रग ही 18 वर्षांची अमेरिकन मुलगी व्हॉल्टच्या पहिल्या उडीत पडली. तिचा घोटा दुखावला. तुला जमेल, असे प्रशिक्षक बेला कारोली ओरडून सांगत होते. ती लंगडत परत गेली, धावली, उडी घेतली, क्षणभर एका पायावर उभी राहिली आणि गुडघ्यांवर कोसळली. 9.712 गुण पडले. अमेरिकेला सुवर्णपदक मिळाले. कारोलींनी तिला उचलून पदकाच्या चौथऱ्याकडे नेले, ते छायाचित्र जगभर झळकले आणि धैर्याचा कळस म्हणून गाजले. वास्तविक ती दुसरी उडी झाली नसती, तरी सुवर्णपदक अमेरिकेलाच मिळाले असते!

उडीचा निर्णय आपलाच होता, असे केरीने सांगितले आहे. तिच्या शब्दाचा मान राखू या. परंतु लहानपणापासून जिला वेदना गिळावयास शिकविले, तिला त्या क्षणी 'नाही' म्हणता आले असते काय?

त्याच संघातील 14 वर्षांची डॉमिनिक मोचियानू हिने पुढे त्या शिकवणीतील धाक व अपमान जाहीरपणे सांगितले. कारोलींनी ते आरोप नाकारले. 2018 साली संघाच्या एका डॉक्टरला मुलींवरील अत्याचारांबद्दल दीर्घ कारावासाची शिक्षा झाली. टेक्सासमधील कारोलींच्या शिबिरातही त्याने असे अत्याचार केले होते. दुखणे बोलून दाखवू नये, हेच ज्यांच्या अंगी बाणविले, त्या मुलींनी हे दुःख तरी कोणाला सांगावे?

2021 साली टोकियो येथे सिमोन बाइल्सने सांघिक अंतिम फेरीतून माघार घेतली. हवेत असताना आपल्या शरीराचे भान राहत नाही, हे तिने ओळखले होते. काहींनी तिला भित्री म्हटले. पण अनेकांनी 1996 चे ते दृश्य पुन्हा काढून पाहिले, आणि या वेळी त्यांना त्यात एक जखमी मुलगी दिसली. दृश्य तेच होते, पाहणाऱ्यांचे डोळे बदलले होते.

मग शिस्त नकोच काय? तसे नव्हे. करिंथकरांस लिहिताना पौलाने धावपटू व मुष्टियोद्धा यांचे उदाहरण घेतले आहे. शरीराला कठोरपणे ताब्यात ठेवण्याविषयी तो लिहितो, पण ते शरीर त्याचे स्वतःचे आहे. स्वतःवर लादलेली कठोरता ही साधना होय. दुसऱ्याच्या लेकरावर ती लादताना मात्र त्या लेकराला 'थांबा' म्हणण्याची मुभा आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे. पदक मिळाले म्हणून तो प्रश्न मिटत नाही. जिंकलेल्यांच्या मुलाखती छापून येतात. मैदान सोडून गेलेल्यांच्या दारी कोण जातो?

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आपल्याकडेही वचनपाठांतराच्या स्पर्धा होतात, वर्गाला ढाल मिळते. आनंद जरूर करावा. परंतु ती ढाल कपाटात ठेवताना, यंदा वर्गातले कोणते मूल येईनासे झाले, याचीही विचारपूस करावी.